घरबसल्या आरोग्यविद्या : शिकविणे स्वस्त, शिकणे महाग

एखादी वस्तू स्वस्त झाली असे ऐकले की, आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा : स्वस्त झाली ती कोणाला? देणाऱ्याला की घेणाऱ्याला? आज जो विषय आम्ही मांडणार आहोत, त्याचे मर्म या एका प्रश्नात आहे. विषय आहे सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणाचा, आणि तेही इंटरनेटवरून गरीब देशांतील शिकणाऱ्यांपर्यंत घरबसल्या पोहोचणाऱ्या शिक्षणाचा. आम्ही डॉक्टर नाही आणि प्राध्यापकही नाही. युनियनच्या कचेरीतल्या बाकावर आणि नगर वाचनालयात बसून जे वाचले, सभासदांत वावरून जे पाहिले, तेच येथे सांगणार आहोत. श्रोत्यांत जाणकार मंडळी आहेतच. अधिकउणे त्यांनी सांभाळून घ्यावे.

ही विद्या कसली?

प्रथम सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. दवाखान्यात बसलेला डॉक्टर एका माणसाकडे पाहतो. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक आळीकडे, गावाकडे, कारखान्याकडे पाहतो. डॉक्टर विचारतो, 'याला काय झाले?' अभ्यासक विचारतो, 'यांनाच का झाले, आणि त्यांना का झाले नाही?'

आमच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. कापड गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करणाऱ्यांना छातीचा एक विकार जडतो. त्याला बिसिनोसिस म्हणतात. रविवारची सुट्टी संपवून कामगार सोमवारी पाळीवर आला की त्याची छाती आवळते, धाप लागते. आणि आठवडा पुढे सरकू लागला की, निदान पहिल्या काही वर्षांत, त्रास कमी होत जातो. एकट्या कामगाराची छाती तपासणाऱ्या डॉक्टराला हा साधा दमा वाटण्याचा संभव आहे. परंतु खात्यातल्या सर्वांची नोंद वारांप्रमाणे मांडून पाहिली आणि शेजारच्या दुसऱ्या खात्याशी ती ताडून पाहिली, म्हणजे दोष माणसाच्या छातीत नसून खात्यातल्या हवेत आहे हे ध्यानात येते. मग मागणीही बदलते. औषधाच्या बाटलीबरोबरच धूळ खेचून घेणारी यंत्रणा मागता येते. मोजणे, ताडून पाहणे, कारण हुडकणे, ते दूर करणे आणि पुन्हा मोजून पाहणे, अशी ही विद्या आहे.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टराने हेच केले. कॉलऱ्याचा जंतू त्या काळी वैद्यकाने मान्य केलेला नव्हता. स्नोने मृत्यू कोणकोणत्या घरांत झाले ते पाहिले, ती घरे पाणी कोठून भरतात ते विचारले, आणि संशय ब्रॉड स्ट्रीटवरील पंपावर आणून ठेवला. ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे खरे. पण पाण्याकडे बोट दाखविण्याची जी रीत त्याने घालून दिली, तिच्यावर हे शास्त्र आजही चालते.

यावरून एक गोष्ट उघड होते. या विद्येला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. डोळस माणूस, वही आणि विचारण्याची हिंमत लागते. म्हणूनच ज्या देशांत रुग्णालये थोडी आणि रोग फार, त्या देशांना हिची गरज सर्वांत जास्त आहे. आणि नेमक्या त्याच देशांतल्या लोकांना ती शिकण्याची सोय सर्वांत कमी होती.

विद्येची पेठ दूर

या विषयाची नामांकित विद्यालये श्रीमंत देशांत निघाली. अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१६ साली असे विद्यालय स्थापन झाले. लंडनचे विद्यालयही जगप्रसिद्ध आहे. आपल्या देशात कलकत्त्यास १९३२ च्या अखेरीस अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था निघाली. या तिन्ही ठिकाणी अमेरिकेतील रॉकफेलर निधीचा पैसा लागला होता. पण एखाद्या आफ्रिकी किंवा आशियाई जिल्ह्यातल्या परिचारिकेने, आरोग्य निरीक्षकाने वा तरुण डॉक्टराने बाल्टिमोरला किंवा लंडनला जायचे म्हटले, तर प्रवासखर्च, फी, राहण्याचा खर्च आणि वर्षभराची रजा यांची बेरीज त्याच्या आवाक्याबाहेर जाते. शिष्यवृत्ती मिळून जे गेले, त्यांतले पुष्कळ तिकडेच राहिले. जे परत आले, त्यांनी तिकडच्या शहरांची उदाहरणे शिकलेली होती.

धडे घरी पाठविण्याची कल्पना मात्र जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ सालापासूनच बाहेरच्या विद्यार्थ्यांना, ते कोठेही शिकले असले तरी, परीक्षेला बसू दिले. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत त्याचे वर्ग सुरू झाले. टपाल, रेडिओ आणि दूरचित्रवाणी ही त्याची साधने होती. आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. म्हणजे इंटरनेट आले तेव्हा वाट आखलेलीच होती. तिच्यावरून धावणारे वाहन तेवढे नवे आले.

नव्या वाहनाने काय आणले?

अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठातले रोनाल्ड लापोर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी 'सुपरकोर्स' नावाचा एक उपक्रम चालविला. तो म्हणजे साथरोगशास्त्रावरील व्याख्यानांचे एक खुले भांडार. जगभरच्या अभ्यासकांनी आपापली व्याख्याने चित्रांसह त्यात विनामूल्य ठेवायची, आणि कोणत्याही देशातल्या शिक्षकाने ती उचलून आपल्या वर्गात वापरायची. यात एक मार्मिक विचार होता. गरीब देशातल्या शिक्षकाला बाजूला सारून परदेशी प्राध्यापकाने थेट बोलावे, असे त्यांनी मानले नाही. स्थानिक शिक्षकाच्या हातात चांगले साहित्य द्यावे, म्हणजे तो अधिक चांगले शिकवील, असे त्यांनी मानले. २६ डिसेंबर २००३ रोजी इराणमधील बाम शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा भूकंप आणि आरोग्य यांवरील एक व्याख्यान अल्पावधीत तयार होऊन देशोदेशींच्या शिक्षकांकडे गेले. बरोबर एक वर्षाने, २६ डिसेंबर २००४ रोजी, हिंदी महासागरात सुनामी आली, तेव्हाही तीच पद्धत उपयोगी पडली. लोकांच्या मनात प्रश्न ताजा असताना उत्तर वर्गात पोहोचले, हा त्यातला विशेष.

दुसरा प्रयोग मँचेस्टरचा. तेथील प्राध्यापक रिचर्ड हेलर यांनी काही सहकाऱ्यांसह 'पीपल्स-युनि' म्हणजे लोकांचे विद्यापीठ या नावाने एक योजना मांडली. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात तिचे विवेचन प्रसिद्ध झाले. हिशेब सरळ होता. इंटरनेटवर चांगले वाचन-साहित्य विनामूल्य उपलब्ध आहेच. वर्ग चालविण्याचे 'मूडल' नावाचे सॉफ्टवेअरही विनामूल्य मिळते. निरनिराळ्या देशांतले अनुभवी लोक थोडा वेळ फुकट द्यायला तयार आहेत. मग इमारत, वसतिगृह आणि पगार हे तीन मोठे खर्च वगळून सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण अगदी थोड्या फीत का देता येऊ नये? अभ्यास माता-बालकांचे मृत्यू, संसर्गजन्य रोग, संख्याशास्त्र अशा घटकांत वाटलेला असे. विद्यार्थी आठवड्याच्या कामातून सवड काढून वाचीत, लेखी चर्चेत आपल्या जिल्ह्याची परिस्थिती मांडीत, आणि निबंध लिहून तपासून घेत. काही काळ मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाने या अभ्यासाला आपली पदवीही दिली. शिकणारे बहुतांशी आफ्रिका व आशिया खंडांतले नोकरी करणारे लोक होते. ज्याला जिल्हा सोडता येत नाही, त्याच्याच जिल्ह्यात वर्ग गेला, हे या योजनेचे खरे यश.

तिसरे उदाहरण जागतिक आरोग्य संघटनेचेच. २०१७ च्या जूनमध्ये तिने 'ओपन-डब्ल्यूएचओ' ही खुली शाळा उघडली. साथ उद्भवली असता आघाडीवरच्या लोकांना लगेच शिकविता यावे, हा तिचा हेतू. धडे छोटे ठेवले, इंटरनेट मंद असले तरी चालावेत अशी रचना केली, आणि एकदा उतरवून घेतल्यावर जोडणीशिवाय पाहण्याची सोय ठेवली. कोविडवरचा तिचा पहिला अभ्यासक्रम २६ जानेवारी २०२० रोजी निघाला. जागतिक आणीबाणीची घोषणा ३० जानेवारीला झाली. म्हणजे धडा घोषणेच्या चार दिवस आधी तयार होता. पुढे तो हिंदीसह पुष्कळ भाषांत गेला आणि लाखो लोकांनी त्यात नावे नोंदविली. टपालाच्या काळात हे स्वप्नातही शक्य नव्हते.

या नव्या साधनाचे मोठेपण आम्ही मुक्तकंठाने मान्य करतो. ज्ञानाच्या कुलपाची किल्ली थोड्यांच्या कमरेला होती, ती आता पुष्कळांच्या हाती येऊ शकते, ही सामान्य गोष्ट नव्हे.

तारेवरून काय जात नाही?

आता नाण्याची दुसरी बाजू. आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्यांनी बाळंतिणीच्या घरी वारंवार जायचे, बाळाला ऊब द्यायची, वजन घ्यायचे, श्वास मोजायचा, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर औषध सुरू करायचे. १९९३ ते १९९५ या काळात तेथे जन्मलेल्या हजार बालकांपैकी ६२ पहिल्या महिन्यातच दगावत होती. १९९७-९८ साली ते प्रमाण २५-२६ वर आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत प्रसिद्ध झाली, आणि पुढे देशाच्या आरोग्य कार्यक्रमात या पद्धतीला स्थान मिळाले.

या स्त्रियांनी जे शिकून घेतले, त्याचा विचार करा. नवजात बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक असेल तर धोका समजावा, हे वाक्य मोबाइलवर दहा सेकंदांत ऐकता येते. परंतु रडणाऱ्या बाळाचा श्वास कसा मोजावा, चुलीच्या धुराने भरलेल्या खोलीत छातीची हालचाल कशी ओळखावी, आणि 'आमच्या बाळाला हात लावू नको' म्हणणाऱ्या सासूशी काय बोलावे, हे शिकायला शेजारी कोणीतरी उभे असावे लागते. पहिल्या वेळी तिने दाखवावे, दुसऱ्या वेळी आपण करावे, तिसऱ्या वेळी तिने पाहावे. गिरणीत नवा पोरगा जुन्या कामगाराच्या हाताखाली राहून काम शिकतो, त्यातलाच हा प्रकार. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून ग्राम आरोग्य सेविका घडविल्या, त्याही अशाच. त्या पुनःपुन्हा एकत्र बसत आणि गावात काय घडले ते एकमेकींना सांगत.

मग तारेचे आणि हाताचे शिक्षण यांचा मेळ घालता येत नाही काय? येतो, आणि त्याचाही पुरावा आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको या विरळ वस्तीच्या, गरीब राज्यात हिपॅटायटिस-सी या यकृताच्या रोगावर उपचार करणारे तज्ज्ञ थोडे होते. रुग्णांना आठ-आठ महिने थांबावे लागे. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली 'इको' नावाची योजना सुरू केली. आठवड्यातून एकदा खेड्यापाड्यांतले आणि तुरुंगांतले डॉक्टर दूरदृश्य यंत्रणेवर एकत्र येत. प्रत्येकाने आपल्या खऱ्या रुग्णाची हकीकत सांगायची, तज्ज्ञाने सल्ला द्यायचा, आणि बाकीच्यांनी ऐकायचे व बोलायचे. २०११ साली ४०७ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण रोगमुक्त झाले होते, आणि त्या गावडॉक्टरांकडे ५८.२ टक्के. गावच्या डॉक्टराचा हात मोठ्या रुग्णालयाच्या तोडीचा ठरला. पुढे बंगळूरच्या 'निमहान्स' या मनोविकार संस्थेने छत्तीसगडच्या दुर्गम जिल्ह्यांतील समुपदेशकांना याच रीतीने शिकविले.

येथे धडा तारेवरून आला, पण गुरू जिवंत होता, रुग्ण खरा होता, आणि पुढच्या आठवड्यात 'काय झाले?' असे विचारणारे कोणी तरी होते. नुसती फीत पाठवून द्यायची आणि शिक्षण झाले म्हणायचे, याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात.

वर्गात कोण बसले आणि कोण राहिले?

आरंभी विचारलेला प्रश्न आता घेऊ. दार उघडले, हे खरे. पण आत कोण आले? हार्वर्ड आणि एमआयटी या दोन विख्यात संस्थांनी आपल्या खुल्या अभ्यासक्रमांचा पहिला हिशेब दिला, तेव्हा २०१२-१३ या काळात ८,४१,६८७ नोंदण्या झाल्या होत्या आणि प्रमाणपत्रे निघाली ४३,१९६. म्हणजे शंभरांत पाचच्या सुमारास. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अशाच अभ्यासक्रमांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की, भारत, चीन, ब्राझील, रशिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ८० टक्के त्या-त्या देशांतील सर्वांत श्रीमंत व सर्वांत शिकलेल्या ६ टक्के लोकांतले होते. म्हणजे पाणी सर्वांसाठी सोडले, परंतु ते ज्याचा पाट आधीच खोदलेला होता त्याच्याच शेतात गेले.

आणि हे का व्हावे, तेही आकड्यांतूनच दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, आपल्या देशात कधी काळी एकदा तरी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के होते आणि स्त्रिया ३३ टक्के. खेड्यांतल्या स्त्रिया तर २५ टक्क्यांहूनही कमी. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया निम्म्याहून थोड्याच अधिक होत्या. सार्वजनिक आरोग्याचे घरोघरचे काम तर मुख्यतः स्त्रियाच करतात. ज्यांनी शिकायचे, त्यांच्याच हाती साधन नाही, असा हा दुष्काळातला तेरावा महिना आहे.

तथापि यावरही उपाय शोधले गेले आहेत. बिहारमध्ये २०१२ साली 'मोबाइल अकॅडमी' नावाचा एक अभ्यासक्रम निघाला, आणि जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने तो इतर राज्यांत नेण्यास आरंभ केला. त्याला इंटरनेट लागत नाही, महागडा फोन लागत नाही. आशा स्वयंसेविकेने साध्या फोनवरून एक क्रमांक लावायचा; पलीकडून एक आवाज धडे सांगतो आणि प्रश्न विचारतो. सारा अभ्यास २४० मिनिटांचा. मध्येच काम आले तर फोन ठेवावा आणि पुन्हा तेथूनच सुरू करावे. फोनचा खर्च तिच्यावर नाही. शिकणारीच्या पायातली चप्पल पाहून रस्ता आखला, म्हणजे असे होते.

तास कोणाचा?

आता आम्ही आमच्या धंद्याच्या मुद्द्यावर येतो. इंटरनेटने शिकविण्याचा खर्च पुष्कळ कमी केला. एकदा धडा तयार झाला की तो एकाने पाहिला काय आणि लाखाने पाहिला काय, जवळजवळ सारखेच. परंतु शिकण्याचा खर्च मुळीच कमी झाला नाही. एक तासाचा धडा शिकायला आजही शिकणाऱ्याचा एक तास लागतो. शिवाय थकलेल्या डोळ्यांची जागरणे, फोन आणि त्याचे रिचार्ज. पूर्वी सरकार किंवा मालक प्रशिक्षणासाठी माणसाला कामावरून मोकळे करी, प्रवासभत्ता देई, दुपारचे जेवण घाली. आता म्हणतात, 'घरी बसून सवडीने करा.' ही 'सवड' कोठून येते, ते कोणी विचारीत नाही.

आशा स्वयंसेविकांचेच पाहा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ही योजना सुरू झाली. आज त्या देशभर दहा लाखांच्या घरात आहेत. त्यांना पगारी नोकर मानलेले नाही. कामागणिक मोबदला मिळतो. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा खेपा घालून ते बेचाळीस दिवसांचे झाले, की २५० रुपये अशी त्याची रीत आहे. कोविडच्या काळात, २०२० च्या एप्रिलमध्ये, आघाडीवरच्या सेवकांसाठी केंद्र सरकारने ऑनलाइन प्रशिक्षण सुरू केले, आणि आशाही त्यात होत्या. शिक्षण आवश्यक होते, यात वाद नाही. परंतु जिला कामागणिक पैसे मिळतात, तिने शिकण्यात घालविलेला तास हा तिच्या हिशेबात बिनमोबदल्याचा तास असतो. १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशांनी संप केला. तो मिटताना दरमहा हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मान्य झाला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने याच आशांचा जाहीर गौरव केला. गौरवाबद्दल आनंदच आहे. पण शाल-श्रीफळाने तास मोजला जात नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. एका नगरपालिकेत आमच्या सफाई कामगार सभासदांना मोबाइलवर सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करण्याचा हुकूम निघाला. त्यात हातमोजे घाला, बूट घाला, कचऱ्यातल्या सुया उघड्या हाताने उचलू नका, असे सर्व उत्तम सांगितले होते. एका बाईने मुकादमाला विचारले, 'दादा, समजलं सगळं. पण हातमोजे देता कधी?' हातमोजे आले नव्हते. प्रमाणपत्र मात्र आले होते. पुढे एका कामगाराच्या बोटात सुई शिरली, तेव्हा साहेबांनी कागद पुढे केला : 'याला शिकविले होते, ही पाहा नोंद.'

येथे प्रमाणपत्राने कोणाच्या बाजूने साक्ष दिली, हे ध्यानात घ्यावे. शिक्षणाने माणसाच्या हाती सामर्थ्य यावयाचे. येथे त्याच्या डोक्यावर जबाबदारी मात्र आली. ज्ञान दिले आणि साधन दिले नाही, म्हणजे अपघाताचा दोष मालकाच्या खात्यातून उचलून कामगाराच्या खात्यात लिहिला. जॉन स्नोने लोकांना नुसते सांगितले असते की 'या पंपाचे पाणी पिऊ नका', आणि दुसरे पाणी जवळ नसते, तर तहानलेल्या लोकांनी काय केले असते? दांडा काढण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता, त्या मंडळाकडे स्नो गेला, हे त्या गोष्टीचे अर्धे तात्पर्य आहे.

मग काय मागावे?

कोणी म्हणेल, तुम्ही युनियनवाले प्रत्येक चांगल्या गोष्टीत खोडा घालता. तसे नाही. आम्हाला हे शिक्षण हवे आहे, आणि अधिक हवे आहे. म्हणूनच ते खरे असावे अशी आमची मागणी आहे. ती पाच कलमांत सांगतो.

पहिले, शिकण्याचा तास हा कामाचा तास मानावा. तो पाळीत धरावा, किंवा त्याचा मोबदला द्यावा. दुसरे, फोन आणि त्यावरचा खर्च ज्याने शिकायला सांगितले त्याने सोसावा. आणि जेथे इंटरनेट नीट चालत नाही, तेथे आवाजावर चालणारे किंवा उतरवून घेता येणारे धडे द्यावेत. तिसरे, धडा शिकणाऱ्याच्या भाषेत असावा, आणि भाषा म्हणजे नुसते भाषांतर नव्हे. मेळघाटातल्या सेविकेला कोरकू घरात बोलायचे असते. तिला पुस्तकी मराठी धडा दिला तर तिचे निम्मेच काम होते. चौथे, प्रत्येक ऑनलाइन वर्गामागे जवळपासचा एक जिवंत गुरू असावा, आणि महिन्यातून एकदा तरी शिकणाऱ्यांनी एकत्र बसून आपल्या गावचे आकडे मांडावेत. पाचवे, शिकलेल्याला मान्यता असावी. प्रमाणपत्राने बढतीची पायरी चढता आली पाहिजे. आणि 'या वस्तीतले पाणी दूषित आहे' असे शिकलेल्या सेविकेने लिहून दिले, तर त्याची दखल घेणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असले पाहिजे.

या कलमांत अशक्य असे काही नाही. महात्मा फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा दिवसा राबणाऱ्याला दिवसा शाळेत येता येणार नाही, हे त्यांनी आधी ओळखले. शाळेची वेळ त्यांनी विद्यार्थ्याच्या दिवसाप्रमाणे बदलली. आज आपल्या हाती असे साधन आहे की, ते कोणत्याही वेळी, कोणत्याही गावी पोहोचते. पण 'कोणत्याही वेळी' याचा अर्थ 'झोपेच्या वेळी' असा होऊ देता कामा नये.

नगरवासी श्रोत्यांना यात काय करता येईल? पुष्कळ करता येईल. आपल्या दारी आशाताई येते, डासांच्या अळ्या पाहणारा कर्मचारी येतो, कचरा उचलणारी बाई येते. त्यांना विचारा, 'तुम्हाला अलीकडे काय शिकविले? ते करायला लागणारे सामान मिळाले काय? शिकायला वेळ दिला काय?' ही उत्तरे वहीत टिपा, प्रभागाप्रमाणे मांडा, आणि नगरसेवकापुढे ठेवा. हे करताना आपण स्वतःच सार्वजनिक आरोग्याचा पहिला धडा गिरविलेला असेल. मोजणे तेथूनच सुरू होते.